कावळ्याला मारू नका

परवा भोरच्या एसटी स्टँडवर एकानं माझ्या हातात पत्रक कोंबलं. मी स्वतः पत्रकं वाटत फिरणारी बाई. त्यामुळं कुणी दिलेलं पत्रक मी फेकत नाही, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचते आणि कागदापासून भाषेपर्यंत सगळ्याला मनातल्या मनात नावं ठेवते. ह्या पत्रकात लिहिलं होतं की परदेशी कार्टून सिनेमांमधून आपल्या मुलांच्या डोक्यात ख्रिस्ती धर्म भरला जातोय. पालकांनो, जागे व्हा. पुढं ओळभर उद्गारचिन्हं.

आमच्या संघटनेतले म्हणाले, उत्तर लिही. एक पान, सडेतोड. मी बसले, दोन परिच्छेद दणकून लिहिले, आणि थांबले. मी लिहिलं होतं, 'कार्टून म्हणजे निव्वळ करमणूक, त्यात धर्म शोधणाऱ्यांची कीव येते.' हे खोटं आहे. मला पक्कं माहीत आहे की खोटं आहे. त्या सिनेमांमध्ये ख्रिस्ती गोष्ट असते. फळ असतं, मोह असतो, एकाचं सगळ्यांसाठी मरणं असतं, परत उठणं असतं आणि शेवटी माफी असते. पत्रकवाल्यांनी ते बरोबर ओळखलंय. पण त्यानं मुलांचं काय होतं, ते त्यांना माहीत नाही. आमचं काय झालं ते मला माहीत आहे, आणि ते एका पानात मावत नाही.

माझं गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, पासलीच्याही पुढं डोंगरात. तीन-चार वाड्या, भातखाचरं, सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आणि सरकारी आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्या. गाव शेतकरी मराठ्यांचं. ओढ्याच्या खालच्या बाजूला आमची बौद्धवाडी, म्हणजे मोजकी घरं. उपकेंद्रात ज्या सिस्टर होत्या त्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. कपाळ मोकळं, पण गळ्यात काळी पोत. त्यामुळं गावातल्या बायकांना त्यांचा अंदाज लागत नसे. बोलणं आपल्यासारखंच, उलट आपल्यापेक्षा रांगडं. पोरगं सुई बघून पळालं की त्या त्याच्या मागं बांधावरून पळायच्या आणि तिथंच, बांधावर, टोचायच्या.

त्यांचा मुलगा नगरला शिकायला होता. सुट्टीत आला की डीव्हीडी आणायचा, जाताना मागं ठेवून जायचा. हिंदीत बोलणारे कार्टून सिनेमे. सिस्टर रविवारी दुपारी भात शिजत ठेवून ते बघत बसायच्या. आम्ही खिडकीला लटकायचो. एका रविवारी त्या म्हणाल्या, "माकडांनो, खिडकी मोडाल. आत या. पाय धुऊन या." झालं, सुरू.

आता तो काळ आठवला की मला पहिल्यांदा आठवतो तो ओल्या पायांचा वास. शेणानं सारवलेल्या नव्हे, सिमेंटच्या फरशीवर ओल्या पायांचे ठसे, डेटॉलचा वास, आणि एवढ्याशा टीव्हीतून येणारा सोनेरी रंग. तसला रंग आमच्या गावात फक्त कापणीच्या आठवड्यात दिसायचा.

एक सिनेमा आम्ही इतक्यांदा बघितला की डीव्हीडीवर चरे पडले. रानाच्या मधोमध एक झाड असतं, त्याला उजेडाचं एकच फळ. ते तोडायचं नाही, असा नियम. एक कावळा एका पिल्लाच्या कानात सांगतो, तोड, काही होत नाही. पिल्लू तोडतं आणि सगळ्या रानावर काळं धुकं उतरतं. मग डोंगरापलीकडून एक पांढरं पाखरू येतं. ते एकटं धुक्यात शिरतं, सगळ्यांची थंडी आपल्या अंगावर घेतं आणि मरतं.

पहिल्यांदा बघताना नेमकी इथं लाईट गेली. वेल्ह्यातली लाईट. ती आली थेट पुढच्या आठवड्यात. म्हणजे आम्ही पोरं आठवडाभर ते पाखरू मेलेलं घेऊन फिरलो. शाळेत डबा खाताना कुणीतरी मध्येच म्हणायचं, "मेलंच का रं ते?" गावातला एक गोरा, घाऱ्या डोळ्यांचा पोरगा होता, माझ्या दादाच्याच वर्गात, तो तर रडला. त्याच्या घरची सगळ्यांत मोठी भातशेती. माझा दादा म्हणजे सख्खा भाऊ, वर्गात सगळ्यांत थोराड आणि सगळ्यांत काळा. तो म्हणाला, "न्हाई मरत. मधीच मरत असतं का? सिडी अजून उरलीय."

पुढच्या रविवारी पाखरू उठलं. तिसऱ्या दिवशी उठतं ते, पहिल्या उजेडाबरोबर. धुकं फाटतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग कावळा थरथरत समोर येतो, आणि आम्ही सगळे सरसावून बसलो, आता ह्याचा मुडदा पडणार. पांढरं पाखरू त्याला म्हणतं, ये, ह्या फांदीवर तुझीपण जागा आहे. गाणं. संपला सिनेमा.



"मारलं का न्हाई त्याला?" घाऱ्यानं विचारलं.

"माफ केलं," सिस्टर म्हणाल्या.

"पण का?"

"आमच्यात तसंच सांगतात. वाईट करणाऱ्याला माफ करायचं." मग भाताचं झाकण उघडत त्या म्हणाल्या, "लई अवघड आहे बाबा. मला माझी सासू अजून जमलेली नाही."

आता दादा पुढं सरकला. तो म्हणाला, "मग तो चांगला झाला का?"

"कोण?"

"कावळा."

"बसला ना फांदीवर."

"रंग बदलला का त्याचा?"

सिस्टरांनी त्याच्याकडं बघितलं, आणि बाकी पोरांना घरी जायचं असतानाही त्यांनी शेवट परत मागं नेऊन लावला. आम्ही टीव्हीला नाक लावून बघितलं. कावळा काळाच होता. काळाच फांदीवर बसला होता.

"नाही बदलला," सिस्टर म्हणाल्या. दादानं मान हलवली आणि पाय वाजवत घरी गेला. जाताना त्यानं माझा हात धरला होता, हे मला आठवतं, कारण तो एरवी धरायचा नाही.

ह्या प्रकरणात दादाचं काय अडलं होतं ते सांगते. शाळेत दरवर्षी सव्वीस जानेवारीला संध्याकाळी कार्यक्रम असायचा, आणि दरवर्षी नाटकात दादा मरायचा. राक्षस तोच, दरोडेखोर तोच, दुष्ट राजा तोच. आमचे गुरुजी माणूस वाईट नव्हते. हसरे होते. हसत हसत म्हणायचे, "ह्याला रंग लावायला नको, खर्च वाचला." सगळे हसायचे. दादापण हसायचा. आम्ही वाडीतली पोरंपण हसायचो, तेच मला जास्त झोंबतं. घारा पोरगा राजपुत्र व्हायचा आणि लाकडी तलवार दादाच्या पोटात खुपसायचा. गाव टाळ्या वाजवायचं. दादा उत्तम मरायचा, हेही खरं. पण त्याला एकदा, सातवी संपायच्या आत, चांगल्या बाजूला उभं राहायचं होतं. एवढंच. घरी त्यानं हे आईला सांगितलं, मला सांगितलं, बैलालाही सांगितलं असेल.

आणि इथं मला त्या पत्रकवाल्यांना विचारायचंय. तुम्ही कार्टूनमधला धर्म शोधलात, रंग नाही दिसला? चांगलं म्हणजे पांढरं, सोनेरी, नाजूक. वाईट म्हणजे काळं, थोराड, घोगऱ्या आवाजाचं. हे एकट्या परदेशाचं पाप असतं तर मीच तुमच्यासोबत पत्रकं वाटली असती. पण आमचे गुरुजी ते कुठल्या सिनेमातून शिकले नव्हते. त्यांच्याकडं ते आधीपासून होतं. म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही. आपल्याच घरातली वस्तू माणसाला कुठं दिसते?

मध्यंतरी गावात कुजबुज झाली की सिस्टर पोरं बाटवतात. तेव्हा घाऱ्याची आजी चौकशीला आली. दारातच बसली, आत नाही. सिनेमा सुरू झाला. कावळा आला तशी ती टीव्हीवर ओरडली, "कावळा वाईट? मग पितरांचा घास कोण खातं, तुजा बा?" पोरं हसून लोळली. धुकं उतरलं तेव्हा म्हणाली, "ह्यात काय भ्यायचं? आमच्याकडं चार म्हैनं असतंय." मग पाखरू मेलं, आणि म्हातारीनं पदर तोंडाला लावला. शेवटी सिस्टरांना म्हणाली, "ह्यात तुमचा देव कुठला?"

"दिसत नाही तो, आजी."

"मग बाटवायचं कुणी?" म्हणत ती उठली, आणि पुढच्या रविवारी पाय धुऊन आत बसली.

आमच्या आण्णांचं, म्हणजे वडलांचं, मात्र वेगळं होतं. ते एकदा मला न्यायला आले आणि उभ्यानंच थोडा सिनेमा बघून म्हणाले, "सिस्टर, एकानं फळ तोडलं तर सगळ्या रानाला शिक्षा का? जन्मताना कुणी वाईट नसतंय, असं आमी मानतो. मला ह्ये न्हाई पटत."

"मलाही सगळं पटतं असं नाही, आण्णा," सिस्टर म्हणाल्या. "पण एकानं करायचं आणि शंभरांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगायचं, हे तुम्हाला-मला नवीन आहे का?"

 आण्णा हसले. त्या दोघांची मूळ जात एकच, सिस्टरांचे पूर्वज ख्रिस्ती झाले आणि आमचे बौद्ध, हे मला पुढं भोरला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यांना ते पहिल्या दिवशीच कळलं असणार.

त्या वर्षी गुरुजींनी ठरवलं, नाटक ह्याच सिनेमाचं करायचं. पोरांना पाठच आहे. पांढरं पाखरू घारा. कावळा दादा. हे सांगायलासुद्धा लागलं नाही. दादा घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं सिस्टरांना गळ घातली आणि सिस्टर दुपारच्या सुट्टीत शाळेत आल्या.

"गुरुजी, एक वर्ष पोराला पाखरू करा की."

"सिस्टर, पांढरं पाखरू पांढरं दिसायला नको का?" गुरुजी हसत म्हणाले. "आणि शेवट जरा बदललाय बरं का. कावळ्याला मारतोय. माफी-बिफी आपल्या लोकांना नाही कळायची. मारल्याशिवाय लोक उठत नाहीत."

दादा दाराशी उभा होता. तो आत आला. गुरुजींसमोर तो कधी एवढं बोलला नव्हता. "गुरुजी, कावळा मला करा. माझं काय म्हणणं न्हाई. पण ह्या वर्षी मारू नका."

गुरुजींचं हसू जरा थांबलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं. नाही मारत."

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पडदा लागला. पडदा म्हणजे दोन घरच्या सतरंज्या. दादाच्या अंगावर आईचा काळा परकर उसवून केलेले पंख. घाऱ्याच्या अंगावर धुतलेलं धोतर. भोरहून आणलेला माईक बांबूला बांधलेला. पुढच्या रांगेत घाऱ्याचे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, आणि शेजारी आजी. मागं, ओढ्याच्या बाजूला, आमची माणसं.

सगळं नीट झालं. फळ तोडलं, धुकं म्हणून गोवऱ्यांचा धूर सोडला, त्यात पहिली रांग खोकून बेजार झाली. घारा मरून उठला. दादा गुडघ्यावर आला, मान खाली, पंख पसरलेले. आता घाऱ्यानं एकच वाक्य म्हणायचं होतं, फांदीवर तुझीपण जागा आहे.

तो विसरला.

पडद्यामागून गुरुजी, "फांदी! फांदी!" घारा नुसता बघतोय. माईकमध्ये त्याचा श्वास ऐकू येतोय. कुणाला तरी प्रेमानं बोलवायचंय, एवढं त्याला आठवत असावं. आणि त्याच्या तोंडून ते निघालं जे तो दर आषाढात बापाबरोबर दारोदार ऐकत आला होता:

"उद्या... उद्या आमची इर्जिक हाय. या सगळी. जेवान आमच्याकडं."

गाव फुटलं. "जानेवारीत कसली रं लावणी!" कुणीतरी ओरडलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली.

दादानं मान वर केली. तो हसत नव्हता. असल्या आवतणाला घराघरातून जे उत्तर जातं, तेच त्यानं माईकपाशी जाऊन दिलं: "व्हय. येतो."

हसू एकदम बंद झालं नाही, पण पुढच्या रांगेत विरलं. तात्या टोपी काढून परत घालत होते.

हे का झालं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. भाताची लावणी एका घरानं होत नाही. म्हणून इर्जिक. आज सगळी तुमच्या खाचरात, उद्या सगळी आमच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, ज्याचं रान त्याचं जेवण. आमच्या वाडीची माणसं गावाच्या खाचरांत पिढ्यान्‌पिढ्या राबली, पण मजुरीनं. आमचीही ओढ्याखाली दोन लहान खाचरं होती, ती आम्हीच आमची लावायचो. इर्जिकीचं आवतण ओढा ओलांडून कधी आलं नव्हतं. मजुराला पैसे दिले की विषय संपतो. इर्जिकीला आलेल्या माणसाचं तुमच्याकडं देणं राहतं. त्याच्या रानात तुम्हाला वाकायला लागतं, त्याच्या हातचं खायला लागतं.

उन्हाळ्यात सिस्टरांची बदली झाली. कुणी म्हणालं तक्रारीवरून. त्या म्हणाल्या, मुदत भरली. टेम्पोत सामान भरताना त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मेला नाहीस ह्या वर्षी. बरं वाटलं." आम्ही वळणापर्यंत टेम्पोमागं पळालो. रविवारच्या दुपारी त्यानंतर आम्हाला काय करायचं ते कळेना. बराच काळ कळेना.

आषाढ आला. तात्यांच्या इर्जिकीची बातमी वाडीत पोचली, आवतण अर्थातच नाही. आदल्या संध्याकाळी दादा म्हणाला, "आपल्याला जायचंय."

"कुणी बोलावलंय?" आई म्हणाली.

"आवतण आलंय की. जानेवारीत."

"याड लागलं का रं? नाटक व्हतं ते!"

"आये, गावासमोर बोलला. माईकवर. आन् मी व्हय म्हटलंय."

आण्णा विडी विझवत म्हणाले, "म्हटलास का व्हय?"

"म्हटलं."

"मग जाया पायजे."

"हाकलून देतील," आई म्हणाली. "मजुरीला आलेत म्हणतील."

"मजुरी घ्यायची न्हाई, मग कसं म्हणतील?"

आण्णा भोळे नव्हते. नाटक आणि आवतण ह्यातला फरक त्यांना कळत नव्हता, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. दादाला मात्र तो खरोखर कळत नव्हता की कळून घ्यायचा नव्हता, हे मला अजून सांगता येत नाही. मी त्याला विचारलंय. तो म्हणतो, "बोलला ना तो?"

सकाळी आम्ही तिघं गेलो. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाऊस तिरका. तात्या बांधावर उभे होते.

"काय आण्णा, कामाला?"

"इर्जिकीला आलोय."

तात्यांना नीट ऐकू आलं होतं, तरी ते म्हणाले, "काय?"

"इर्जिकीला. पोरगा म्हणतोय आवतण हाय."

"कुणी दिलं?"

दादानं खाचराकडं बोट केलं. घारा पोटरीभर चिखलात उभा होता, हातात रोपांची मूठ, आणि तोंड लालबुंद.

"आरं, ते नाटकात—" तात्या म्हणाले.

रोपं उपटत बसलेली आजी उठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाटकात काय त्याचं तोंड दुसऱ्याचं व्हतं व्हय रं? उचला मुठी. पाऊस थांबतोय का तुमच्यासाठी?"

आम्ही चिखलात उतरलो. मी रोपं वाहायची, दादा आणि आण्णा ओळीत. दादा घाऱ्याच्या शेजारी. सुरुवातीला ओळीत दोघांच्या आजूबाजूला जरा जास्त अंतर राहिलं, मग पाऊस वाढला आणि अंतर ठेवायला कुणाला फुरसत राहिली नाही. एकदा घारा घसरून पालथा पडला, दादानं त्याला काखेत धरून उचललं आणि म्हणाला, "मेलास का परत?" ओळभर हशा पिकला. तात्याही हसले, हे मी पाहिलं.

दुपारी झाडाखाली पंगत बसली. भात, आमटी, बोंबलाची चटणी. आण्णांची पावलं सवयीनं बाजूच्या दगडाकडं वळली. दादा सरळ ओळीत जाऊन बसला आणि शेजारची जागा थोपटून म्हणाला, "आण्णा, हितं." एक जण जरासा सरकला. आजीनं वाढलं. तात्या त्या वेळी पाणी कुठं फुटलंय ते बघायला गेले होते. पाणी कुठंच फुटलं नव्हतं.

निघताना आण्णा रीतीप्रमाणं म्हणाले, "परवा आमच्याकडं. या."

"बघू," तात्या म्हणाले.

परवाच्या दिवशी आईनं पहाटेपासून किती माणसांचं रांधावं ह्याचा विचार करत करत मोठं पातेलं भरलं. कुणी येईना. आण्णा लावणीआधीच्या चिखलणीला फावडं घेऊन उतरले. मी रस्त्याकडं बघून बघून थकले. आणि मग तात्या आले. एकटे. पुढं बैलजोडी. आमच्याकडं तेव्हा एकच बैल उरला होता, हे त्यांना माहीत असणार. काही न बोलता त्यांनी दोन्ही खाचरांची चिखलणी केली, मग बैल सोडून लावणीला वाकले. असं सुरेख लावलं त्यांनी, सुतात, दोरी धरल्यासारख्या सरळ ओळी. दादा त्यांच्या शेजारी, तोही सुतात.

जेवायची वेळ झाली. आईनं ताट वाढून बांधावर आणलं. तात्यांनी ओढ्यात पाय धुतले, बैल जुंपले आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "पोट बरं न्हाई. येतो."

आई ताट धरून उभी राहिली.

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी पोरवयातली, पण आज पत्रकात जे जे लिहिते ते सगळं त्या मिनिटाला माझ्या तोंडात आलं. मी ओरडले की ह्यांना परत बोलवायचं नाही. आमच्या खाचरात वाकायला चालतं, आमचा भात चालत नाही! माफ आम्हीच करायचं, दर वेळी आम्हीच? त्या सिनेमात मरून उठलेल्यानं माफ केलं. इथं ज्याला दरवर्षी मारलं त्यानंच परत माफ करायचं, हा कुठला न्याय?

दादानं आईच्या हातातलं ताट घेतलं आणि बांधावर बसून खायला लागला. "ह्यांच्या वाटचं मी खातो," म्हणाला. खाता खाता आईला म्हणाला, "पुढच्या वर्षी एवढं नको शिजवू. एकदम न्हाई जेवायचे. आधी चहा घेतील."

"तुला राग न्हाई आला?" मी रडत होते.

"आला की. पण बैल घिऊन आला व्हता."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. आम्ही दोघं अजून ह्यावर भांडतो. तो आता भोरच्या बाजारात टेम्पो चालवतो, आणि भांडण रंगात आलं की हॉर्न वाजवून निघून जातो.

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो. ह्या वेळी आवतण द्यायला घारा वाडीत आला होता, जून महिन्यात, दप्तर पाठीला. आणि आमच्या पाळीला तात्या आले, बैल घेऊन. काम उरकत आल्यावर आईनं काही न विचारता चहा पुढं केला, स्टीलच्या पेल्यात. तात्यांनी तो घेतला. उभ्यानं, घोट घोट, पावसाकडं बघत प्यायला. मग ओढ्यावर जाऊन पेला स्वतः विसळला आणि दगडावर पालथा घातला.

मला हॉटेलाबाहेर आमच्या लोकांसाठी वेगळा ठेवलेला कप स्वतः विसळणारे आमचे आजोबा आठवले. आई म्हणाली, "राहू द्या की, मी धुतला असता."

"असू दे, वहिनी," तात्या म्हणाले. आईला ते आजवर तसं कधी म्हणाले नव्हते.

दादा खाचरात वाकलेला होता. त्यानं वर पाहिलं नाही, हातही थांबवला नाही. पण संध्याकाळी मी बांधावरून बघितलं तर त्याची शेवटची ओळ मधोमध चांगलीच वाकडी लागलेली होती.